एका पिंपातला माल

शनिवारी पाळी सुटल्यावर कोठीच्या खिडकीतून पिशवी पुढे आली आणि त्याचा हात उचलला गेलाच नाही. कोठीवाला दुसऱ्याच कुणाशी बोलत होता, त्याने न बघताच ती सरकवली होती, आणि ती खिडकीच्या पत्र्यावर तशीच बसून राहिली. आत तुटका माल होता: भरताना फुटलेली, वाकडी झालेली, टोकाची गाठ नीट न बसलेली सॉसेजं. दुकानात पाठवायची लाज वाटते आणि फेकायला जीव होत नाही असा सगळा माल दर आठवड्याला कामगारांना वाटून टाकायचा, ही कारखान्याची जुनी रीत. सॉसेज भरायच्या आतड्यांच्या नळ्या निवडतात त्या खोलीचा तो मुकादम, म्हणून त्याची पिशवी जरा फुगलेली असे, आणि ती फुगलेली असते हे सगळ्यांना दिसत असूनही कोणी बोलत नसे. मागून आवाज आला, मुकादम, घ्या की लवकर, आम्हालाही घरदार आहे. त्याने पिशवी उचलली, मागे वळला आणि मिठाच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाच्या हातात दिली. त्याला सगळे मीठभाऊ म्हणत. आज तुम्हीच न्या, एवढंच तो म्हणाला. मीठभाऊने आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि आपल्या पिशवीबरोबर तीही काखेत मारून विचारलं, घरी काही बिनसलंय का. नाही, मुकादम म्हणाला, आणि फाटकाबाहेर पडला. बाहेर पडल्यावर मोकळ्या हाताचं काय करायचं तेच कळेना. खिशात घातला, बाहेर काढला, पाठीमागे धरला. इतकी वर्षं शनिवारी हा हात पिशवीचाच होता.

वाट ठरलेली होती. कारखान्याची लांबलचक भिंत, मग गॅरेजं, मग पूल, पुलापलीकडे बाजार आणि बाजाराच्या टोकाला लेकीची इमारत. नात खिडकीत उभी असायची आणि त्याला पाहिलं की आधी पिशवीकडे बघायची, मग आजोबाकडे. आज ती काय म्हणेल याचा विचार करत तो चालत होता, म्हणजे तसं स्वतःला सांगत होता. खरा विचार वेगळाच होता. तो विचार आला की त्याच्या पोटात गोळा यायचा, आणि पोटात गोळा आला की त्याला वाटायचं, आता हा गोळा कुठला म्हणायचा.

कारखान्याच्या दरसालच्या तपासणीत निघालं होतं की शौचातून रक्त जातंय, डोळ्यांना न दिसणारं. त्याला तेव्हा हसू आलं होतं. मांसाच्या कारखान्यात जन्म गेला, पण न दिसणारं रक्त कधी ऐकलं नव्हतं. मग मोठ्या दवाखान्यात कॅमेऱ्याची नळी घालून तपासायचं ठरलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध बाटलीभर पाण्यात घालून प्यायला दिलं होतं, खारट आणि वर लिंबाचा खोटा वास. ते पिऊन तो दिवसभर संडास आणि खाट एवढंच करत राहिला. बायको दाराबाहेरून विचारायची, अहो, आहात ना. टेबलावर कुशीवर झोपवलं तेव्हा गुंगीत त्याला एवढं कळलं की आत हवा भरताहेत. हवा भरल्याशिवाय आतड्याच्या घड्या सुटत नाहीत, आतलं दिसत नाही, असं कोणीतरी म्हणालं, आणि त्याला सांगावंसं वाटलं की बाबांनो, मला काय सांगता. त्याच्या खोलीत दुसरं काय चालतं? मेंढ्यांची आतडी साफ करून, मिठात मुरवून पिंपांतून येतात. ती गार पाण्यात भिजवायची, एकेकीचं तोंड नळाला लावून पाणी सोडायचं. नळी फुगते, टेबलावर धावत जाते, भोक असेल तिथे बारीक धार उडते. मग जाडीप्रमाणे लावायच्या. डोळ्यांनी नाही, बोटांनी. अंगठा आणि दोन बोटं यांच्यातून नळी सरकवत न्यायची, की कुठे पातळ आहे, कुठे चरबी राहिली आहे, कुठे पुळी आहे, सगळं कळतं. त्याची बोटं त्यात मुरलेली होती. घरी उशीचा अभ्रासुद्धा तो तसाच चाचपायचा, आणि बायको म्हणायची, सोडा, त्यात काही भरायचं नाहीये.

डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीच्याच वयाची होती. तिने त्याला त्याच्या आतड्याचे रंगीत फोटो दाखवले. माणसाने स्वतःच्या आतड्याचा फोटो पाहून घाबरायला हवं, पण त्याची नजर सवयीने रंगावर गेली. गुलाबी, ओलसर, तकाकी चांगली, घड्या सारख्या. पहिल्या प्रतीत घेतली असती. मग एक पुळी दिसली, देठावर उभी, आणि तिच्या जरा पुढे दुसरी, बसकी. डॉक्टरीणबाई म्हणाली, याला पॉलिप म्हणतात, हा कर्करोग नाही, पण या जातीचे पॉलिप वर्षानुवर्षं तसेच राहिले तर त्यातला एखादा त्या वाटेला लागतो. म्हणून काढून टाकले. आता काही वर्षांनी पुन्हा बघायचं. त्याने विचारलं, हे खाण्याने झालं का. ती लगेच हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रोज भरपूर मटण, त्यातही खारवलेलं, धुरावलेलं, कारखान्यात बनवलेलं खाणाऱ्या लोकांत हे जास्त आढळतं, असं ती म्हणाली. मासे खाणाऱ्यांत तसं दिसत नाही. पण तुमच्या पोटातली ही पुळी अमुक घासाने आली असं कोणीच सांगू शकणार नाही, कधी न खाणाऱ्यालाही होते आणि जन्मभर खाणाऱ्यालाही होत नाही. त्याला असली उत्तरं झेपत नसत. नळीला भोक असतं किंवा नसतं. मग तिने घरात कोणाला पोटाचं काही होतं का विचारलं. तो म्हणाला, वडील पोटाने गेले. म्हणजे काय झालं होतं? त्याला ठाऊक नव्हतं. घरात तेवढंच म्हणत असत, पोटाने गेले, आणि विषय तिथे थांबे. तिने विचारलं, मुलंबाळं? एक मुलगी, चाळिशीला आलेली. तिलाही तपासून घ्यायला सांगा, ती म्हणाली, आणि काही त्रास असला तर थांबू नका. त्याने मान हलवली. रोज सकाळी चालत जा म्हटल्यावर माणूस मान हलवतो तशी.

घरी येताना तो खुशीत होता. त्याच्या खोलीत पुळी सापडली की तेवढा तुकडा कापतात, दोन्ही टोकांना गाठ मारतात, आणि राहिलेली नळी पुढे जाते. तोच न्याय त्याने स्वतःला लावला. कापलं, गाठ मारली, माल चांगला, असं बायकोला सांगितलं, आणि तिच्या जीवात जीव आला. तिने लेकीला फोनवर आणखी थोडं कमी करून सांगितलं, साधीशी गाठ होती, काढली, आता काही नाही. वाईट बोलून वाईट ओढवून घेऊ नये, हा तिचा जुना नेम. घरात आजाराचं नाव घ्यायचं नाही. ताप आला तर अंग जरा गरम आहे, कोणी पडला तर जरा बसला. त्याचे वडील पोटाने गेले तेसुद्धा त्याच घरातून. या घरात सगळं पोटात ठेवायची रीत होती, आणि पोटात काय वाढतंय हे कोणी बघत नसे.

मग या आठवड्यात नव्या पिंपांपैकी एक उघडलं. पहिल्याच जुडीत त्याच्या बोटांखाली पुळी आली, त्याने ती कापली, गाठ मारली, पुढे गेला. दुसऱ्या नळीत पुन्हा आली. बोटं थांबली आणि तोंडातून सवयीने वाक्य निघालं, पिंप बाजूला काढा, सगळं उघडून बघायला लागेल. असंच करायचं असतं. एका नळीत निघालं तर ती नळी कापायची, दुसरीतही निघालं तर पिंपच बाजूला. कारण हे जंतांनी होतं, आणि एका पिंपातला माल एकाच कळपातला असतो, एकाच कुरणात चरलेला, एकाच डबक्यातलं पाणी प्यालेला. एका मेंढीला झालं आणि दुसरीलाही झालं, तर बाकीच्यांना नसेलच असं धरून चालत नाही. हे त्याला तरुणपणी कोणी तरी शिकवलं होतं आणि त्याने पुढे किती जणांना शिकवलं होतं. त्या दिवशी स्वतःचंच वाक्य स्वतःच्या कानावर पडलं आणि तो हात ओले ठेवूनच उभा राहिला. मेंढ्यांचं वेगळं, माणसाचं वेगळं, हे त्यालाही कळत होतं. पण वाक्य काही डोक्यातून जाईना. वडील पोटाने गेले. ती पहिली नळी. आपण दुसरी.

आणि तेव्हाच आठवलं. मागे कधीतरी बायको लसूण सोलता सोलता म्हणाली होती, लेकीला मूळव्याधीचा त्रास होतोय, दुकानातून कसलीशी पूड आणून घेते. बायकांच्या गोष्टीत बापाने पडायचं नसतं म्हणून त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. आता ते पान उलटल्याचा आवाज त्याला ऐकू यायला लागला. मूळव्याध म्हणजे काय? म्हणजे रक्त. दिसणारं. तो घरी गेला तोच सरळ स्वयंपाकघरात, आणि बायकोला म्हणाला, तिला तपासायला पाठवायचंय. बायकोने गॅस बारीक केला. तुम्ही काही बोलू नका, ती म्हणाली, बाप लेकीशी असलं बोलतो का? मी बोलेन. कधी? सवडीने. पोरीच्या जिवाला आत्ताच घोर कशाला लावायचा, तिला घर आहे, नोकरी आहे. तो म्हणाला, सवडीने म्हणजे कधी. ती चिडली, म्हणाली, तुम्हाला कापून काढलं ते पुरे नाही का, आता पोरीच्या पोटात पण शोधायचंय? आणि पदराने कपाळ पुसत म्हणाली, मन चिंती ते वैरी न चिंती. तिचं खरं होतं. वैरी एवढं वाईट चिंतू शकला नसता.

पुलावर वारा होता. तो कठड्याला हात लावत चालला होता, आणि लोखंडाच्या नळीवरून अंगठा आणि बोटं सरकत होती. खाली पाणी संथ होतं. वडील ओझी उचलायचे. कत्तलखान्यातून दुकानांत मांस पोचवायचं, खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर अख्खं धड. घरी आले की त्यांच्या अंगाला मांसाचा वास येई, आणि ताटात डाळ. लहानपणी त्याला वाटे, वास घरात आहे म्हणजे मांस कुठेतरी असलंच पाहिजे, आणि तो फडताळं उघडून बघे. आईने एकदा पाहिलं आणि त्याला मारलं, मग स्वतःच रडत बसली. म्हणून पहिल्या शनिवारी तुटक्या मालाची पिशवी हातात पडली तेव्हा तो घरी चालत गेला नव्हता, पळत गेला होता. लेक तेव्हा रांगत होती. ती उभी राहायला लागली, शाळेत गेली, तिच्या काटकुळ्या दंडांना मांस चढलं, ते त्या पिशवीनेच चढलं असं तो चारचौघांत सांगायचा. तव्यावर सॉसेजं साल फुटून काळी होईपर्यंत भाजायचा, आणि काळे झालेले कुरकुरीत शेंडे कापून तिच्या ताटात टाकायचा, कारण तिला शेंडे आवडत. शाळेतल्या पोरी तिला आतडीवाल्याची पोर म्हणत. ती घरी येऊन रडली नव्हती. तिने त्यांना सांगितलं होतं, तुमच्या घरी शनिवारी काय असतं, दाखवा. हे ऐकून त्याला इतका आनंद झाला होता की त्याने तिला सगळेच शेंडे दिले होते. आता पुलावर त्याला तेच शेंडे दिसत होते, एकेक, तव्यावरून उचललेले, आणि प्रत्येक उचलणारा हात त्याचाच होता. खाण तशी माती म्हणतात. पण मातीत काय मिसळलं ते कोणी मिसळलं? डॉक्टरीणबाई म्हणाली होती की कोणीच सांगू शकणार नाही. मग निर्दोष म्हणून सोडलं का? तेही नाही. त्या दोन्हींच्या मधे तो या आठवड्यात उभा होता आणि त्याचे पाय दुखायला लागले होते.

बाजारात मासळीचा वास आला आणि तो थांबला. रिकाम्या हाताने जाणं त्याला जमणार नव्हतं. त्या घरात तो कधी रिकाम्या हाताने गेला नव्हता. मासे त्याला आवडत नसत. काटे काढत खाणं म्हणजे जेवण आहे की शिक्षा, असं तो म्हणायचा, आणि मासळीतलं त्याला ढिम्म कळत नव्हतं. समोरचा एक मासा उचलून त्याने सवयीने पोटावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. मासेवाली बघत होती. म्हणाली, काका, मासा घ्यायचाय की जावई निवडायचाय? आजूबाजूचे हसले, तोही हसला, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याला गालात अवघडल्यासारखं झालं. ताजा आहे ना, विचारलं. डोळा बघा, पोट काय बघता, ती म्हणाली. साफ करून देऊ का म्हणाली तेव्हा त्याने नको म्हटलं. का नको म्हटलं ते त्याला नीट कळलं नाही. साफ करायचा मासा असला म्हणजे बेसिनपाशी उभं राहावं लागतं, दोघांना, आणि तोंड समोर न करता बोलता येतं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. पिशवी हातात आल्यावर हात जरा शांत झाला.

नात खिडकीत होती. तिने पिशवीकडे पाहिलं, मग आजोबाकडे, मग पुन्हा पिशवीकडे, कारण पिशवीचा रंग वेगळा होता. दारात आल्या आल्या तिने आत नाक खुपसलं आणि आईला ओरडून सांगितलं की आजोबांनी आज चुकून दुसऱ्याची पिशवी आणलीय. लेक हसत बाहेर आली. जावई कामावर होता. मासे? बाबा, तुम्ही? असं म्हणून ती हसत राहिली, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. चेहरा जरा उतरलाय का? की उजेड तसा आहे? गळ्याची हाडं आधीपासूनच दिसायची की आता दिसतात? पिंपातली नळी बोटांनी कळते, पण चाळिशीतल्या लेकीकडे बापाने नुसतं बघायचं, आणि बघून काही कळत नाही. ती म्हणाली, तब्येत कशी आहे, आई म्हणत होती साधी गाठ होती. हो, साधीच होती, तो म्हणाला, आणि लगेच स्वतःचा राग आला. पाणी प्याला. नातीने चित्र दाखवलं ते पाहिलं. पंखा आवाज करतोय म्हणाला. जिना झाडत नाहीत का रोज, म्हणाला. उठून खिडकीशी गेला, परत येऊन बसला. लेक म्हणाली, बाबा, बसा ना निवांत, गाडी सुटतेय का. एक बोलायचंय म्हणून आलेल्या माणसाला दुसरी किती वाक्यं सुचतात हे त्याला त्या दुपारी कळलं.

ती मासा घेऊन बेसिनपाशी गेली आणि तो तिच्या मागे गेला. आण, मी करतो, म्हणाला. तिने सुरी दिली. त्याने माशाचं पोट उघडलं, आतलं बाहेर काढलं, बारीकशी आतडी बोटांत आली आणि त्याने ती चाचपली नाही, सरळ टोपलीत टाकली. नळ चालू होता. लेक शेजारी उभी राहून ताट धुवत होती. हे घर लेकीचं होतं, पण रीत त्याच्या घरचीच होती. या घरात संडास हा शब्दसुद्धा बापासमोर हळू आवाजात म्हटला जायचा. त्याने माशाकडे बघतच सांगितलं की ती गाठ साधी नव्हती. म्हणजे कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकला असता अशी होती. आणि त्याचे वडील पोटाने गेले म्हणजे कशाने गेले ते कोणी कधी सांगितलं नाही, पण आता त्याला वाटतंय की कर्करोगानेच गेले. लेकीचा हात ताटावर थांबला.

'तुझी आई म्हणत होती,' तो म्हणाला, 'तुला मूळव्याध आहे.'

'बाबा,' ती म्हणाली. लाजेने तिचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे.

'रक्त पडतं का?'

तिने नळ बंद केला. बाहेरच्या खोलीत नात स्वतःशीच काहीतरी बडबडत रंगवत होती. लेक ताटाच्या काठावरून बोट फिरवत राहिली, आणि त्याला दिसलं की ते बोट त्याचंच आहे, तीच लकब.

'पडतं,' ती म्हणाली. 'उन्हाळ्यापासून. आईला थोडंच सांगितलं होतं. यांना तर काहीच नाही. मला वाटलं, जाईल.'

त्याला वाटलं होतं की हे ऐकल्यावर पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. भीती होती तेवढीच होती, पण ती आता या बेसिनपाशी होती, दोघांच्या मधे, सगळीकडे पसरलेली नव्हती. तो म्हणाला की मूळव्याधच असेल, बहुतेकांना तीच असते, पण उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. सोमवारी त्या डॉक्टरीणबाईकडे जायचं, तो रजा घेईल, ती नाही म्हणाली तरी तो येऊन दारात बसेल. ती नाही म्हणाली नाही. ती टेबलावर ठेवलेल्या रिकाम्या पिशवीकडे बघत होती.

'म्हणून आज सॉसेजं आणली नाहीत.'

त्याने माशाचे तुकडे केले. मग म्हणाला, 'हो.'

'त्यामुळे होतं का?'

खोटं बोलायला त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी जागा होती. नाही म्हणाला असता तर ती पुढच्या शनिवारी वाट बघत बसली असती. हो म्हणाला असता तर निदान शिक्षा तरी ठरली असती, आणि त्याला ती हवीच होती. पण खरं काय ते त्याला ठाऊक नव्हतं. 'कोणी सांगू शकत नाही,' तो म्हणाला, 'मी विचारलं होतं त्यांना. सगळ्यात आधी तेच विचारलं होतं.' लेकीने ओल्या हाताने त्याचा ओला हात धरला. दोघांच्या हातांना मासळीचा वास होता. ती म्हणाली, शेंडे मला फार आवडायचे हो बाबा. मग तिने नाक पुसलं, नळ पुन्हा सोडला, आणि माशाचे तुकडे धुता धुता विचारलं की त्या तपासणीत नक्की काय करतात.

आणि तो सांगायला लागला. आदल्या दिवशी काय खायचं नाही, ते औषध कसं लागतं, पहिला पेला गार करून नाक दाबून प्यायचा आणि मागून साखर चोखायची. मग संडासातून उठायचंच नाही, जुनी मासिकं आत नेऊन ठेवायची. शेवटी नुसतं पिवळं पाणी पडायला लागलं म्हणजे झालं, नळी स्वच्छ. ती हसली तसा तोही हसला. टेबलावर कुशीवर कसं झोपवतात, मागून उघडा झगा कसा घालतात, हवा भरतात तेव्हा कशी कळ येते, आणि ती हवा नंतर सगळ्यांसमोर कशी मोठ्या आवाजात सोडावी लागते. लाजायचं नाही, तिथल्या बाया उलट शाबासकी देतात. नात दारात येऊन उभी राहिली आणि कशाला हसताय म्हणून विचारायला लागली. त्याने तिला जवळ घेतलं आणि बोलणं थांबवलं नाही. त्या बेसिनपाशी उभं राहून बापाने लेकीला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही.